धाव, स्टेपनी आणि चाळीस ग्रॅम काळी माती

ऐकण्यापेक्षा वाचायला आवडणाऱ्यांसाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो तेवढं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजचा विषय टायर. आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या कार्यक्रमात टायर कुठून आला? सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मी घरच्या गाडीचे चारही टायर बदलले आणि त्यानंतर गाडी थरथरायला लागली. आम्ही दुधनीचे. सोलापूर जिल्ह्यात, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या अगदी वेशीवरचं गाव. तुरीचा बाजार आणि रेल्वे स्टेशन, ही गावाची ओळख. आईला दर महिन्याला सोलापूरला तपासणीला न्यावं लागतं. अक्कलकोट सुटलं, चांगला रस्ता लागला, काटा ऐंशीच्या पुढे गेला की स्टेअरिंग हातात नाचायचं. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "गाडीला थंडी वाजतीय का रे?"

हसलो खरा, पण हात घट्ट झाले होते. नवे टायर, बॅलन्सिंगची पावती खिशात, आणि गाडी आधीपेक्षा वाईट. हे का झालं ते शोधता शोधता मी शे-दोनशे वर्षं मागे गेलो.

आधी होती धाव

टायरला मराठी शब्द नाही असं आपल्याला वाटतं. आहे की! बैलगाडीच्या लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी असते तिला धाव म्हणतात. इंग्रजीतला टायर हा शब्दही मुळात अशाच लोखंडी पट्टीसाठी होता. चाकाला चढवलेला पेहराव, अशा अर्थाच्या शब्दावरून तो आला असं मानलं जातं.

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लहानपणी धाव चढवताना पाहिलंय. चाकाचा मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, आणि आऱ्यांच्या टोकांवर बसवलेले लाकडाचे वाकडे तुकडे. हे सगळं सुताराचं काम. मग लोहार येणार. तो चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान लोखंडी कडं बनवायचा. जमिनीवर गोवऱ्यांचं गोल रिंगण लावून त्यात ते कडं लाल होईपर्यंत तापवायचं. तापलं की लोखंड वाढतं. मग तिघा-चौघांनी चिमट्यांनी उचलून ते चाकावर बसवायचं आणि लगेच वरून पाणी ओतायचं. चर्रर्र आवाज, धूर, आणि लोखंड आकसताना लाकडाचा एकेक सांधा करकचून आवळला जायचा. ना खिळा, ना बोल्ट.

हीच युक्ती रेल्वेनं वापरली. जी.आय.पी. रेल्वे १८६० मध्ये सोलापूरला पोचली आणि १८७१ मध्ये रायचूरला जाऊन मद्रासकडून आलेल्या रेल्वेला भेटली. आमचं दुधनी स्टेशन याच मार्गावर. त्या काळच्या इंजिनांच्या चाकांवर जी पोलादी कडी असायची तीही तापवून, आकसवून बसवलेली. तिचंही नाव टायरच. म्हणजे रुळावरून मुंबई-मद्रास धावणारं इंजिन आणि शेजारच्या गाडीवाटेनं बाजाराला निघालेली बैलगाडी, दोघांच्या चाकाचा मुद्दा एकच.

धावेचं एक दुखणं होतं. उन्हाळ्यात लाकूड वाळून आकसायचं, धाव सैल व्हायची. मग चाकं ओढ्यात नाहीतर हौदात भिजत घालायची, म्हणजे लाकूड फुगून पुन्हा घट्ट. अप्पा अजून एक गोष्ट सांगतात. सुतार चाक आसावर चढवायचा, हातानं फिरवायचा आणि एक काडी चाकाच्या कडेपाशी स्थिर धरायचा. काडी सगळीकडे सारख्या अंतरावर राहिली तर चाक सरळ. कुठं घासली, कुठं लांब गेली, तर तिथं चाक डुलतंय. ही काडी लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा येणार आहे.

गाली आणि गाळी

आमच्याकडे घराघरात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. कन्नडमध्ये चाकाला गाली म्हणतात आणि वाऱ्याला, हवेला गाळी. फरक फक्त ल आणि ळ चा. टायरचा सगळा आधुनिक इतिहास या दोन अक्षरांत बसतो: गालीत गाळी भरायची.

ही कल्पना पहिल्यांदा आली स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसनला. १८४५ मध्ये त्यानं हवेच्या चाकाचं पेटंट घेतलं. रबराची हवा भरलेली नळी, वरून कातड्याचं आवरण. घोडागाडीला लावून लंडनमध्ये प्रयोगही केले. त्याच्या थोडंच आधी, १८३९ मध्ये, अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला गंधक घालून रबर तापवलं की ते उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही हे सापडलं होतं. म्हणजे वस्तू तयार, कल्पना तयार. पण मोटार नव्हती, सायकलचंही अजून काही ठरलं नव्हतं. घोडागाडीला एवढा खर्च कोण करणार? थॉमसनचं पेटंट कागदातच राहिलं.

चाळीसेक वर्षांनी, १८८८ मध्ये, बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेची नळी केली. दगडी रस्त्यावर पोराला दचके बसत होते, एवढंच कारण. तोवर सायकलींचा जमाना आला होता, त्यामुळे टायर लगेच चालला. गंमत अशी की दोनच वर्षांत थॉमसनचं जुनं पेटंट उजेडात आलं आणि डनलॉप यांचं पेटंट रद्द झालं. नाव मात्र डनलॉपचंच राहिलं.

मोटारीला हवेचे टायर लावून दाखवले ते फ्रान्सच्या मिशलॅं बंधूंनी, १८९५ च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत. वाटेत इतकी पंक्चर झाली की शर्यत जिंकणं दूरच. पण हवेवर मोटार चालते हे जगानं पाहिलं.

आणि हो, सुरुवातीचे टायर काळे नव्हते, पांढुरके होते. रबरात काजळीसारखी बारीक काळी पूड मिसळली की टायर कितीतरी जास्त टिकतो हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कळलं, आणि तेव्हापासून टायर काळा झाला.

स्टेपनी कुठून आली?

पंक्चर इतकी व्हायची म्हणून जादा चाकाची कल्पना निघाली. वेल्समधल्या लॅनेली गावात डेव्हिस बंधूंनी १९०४ मध्ये असं जादा चाक विकायला सुरुवात केली. दुकान स्टेपनी स्ट्रीटवर, म्हणून चाकाचं नाव स्टेपनी. इंग्लंडमध्ये हा शब्द जवळजवळ विसरला गेला. आपल्याकडे मात्र गावातल्या पोरालाही स्टेपनी म्हणजे काय ते माहीत असतं. लॅनेलीतल्या एका गल्लीचं नाव दुधनीच्या पंक्चरवाल्याच्या तोंडी आहे, याची मला फार मौज वाटते.

आता तीही जाणार असं दिसतंय. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर काढायचं किट असेल तर छोट्या गाडीला जादा चाक नसलं तरी चालेल, असा नियम केंद्र सरकारनं २०२० मध्ये केला. आमच्या भागात रात्री नऊनंतर अक्कलकोट ते दुधनी प्रवास करणाऱ्याला मी एवढंच सांगेन: नियम चालू दे, स्टेपनी असू दे.

सोलापूरचा माणूस आणि मोटार

भारतात मोटार बनवायचं स्वप्न ज्यांनी पाहिलं त्यांत वालचंद हिराचंद पहिल्या रांगेत. त्यांचा जन्म सोलापूरचा, २३ नोव्हेंबर १८८२. सुरुवात रेल्वेच्या कंत्राटदारीतून, लक्ष्मणराव फाटकांच्या भागीदारीत, बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून. मोटारीच्या कारखान्यासाठी त्यांनी आणि विश्वेश्वरय्यांनी खूप खटपट केली, पण युद्धकाळात इंग्रज सरकारनं हात आखडता घेतला. शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी राहिली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली गाडी बाहेर पडली, क्रायस्लरच्या करारावरची. पुढे फियाट आली. गोल पाठीची जुनी फियाट, जिला मुंबईत लाडानं 'डुक्कर फियाट' म्हणायचे. मग पद्मिनी.

गाडी आली की टायर हवा. डनलॉपनं १९३६ मध्ये बंगालात, हुगळीकाठच्या साहागंजला कारखाना काढला. मुंबईत शिवडीला फायरस्टोन होतं. १९५८ मध्ये इटलीच्या तुरीनमधली सिएट भारतात आली आणि भांडुपला टायर बनवू लागली. मद्रासमध्ये १९४६ साली फुगे बनवण्यापासून सुरुवात केलेल्या एमआरएफनं १९५२ मध्ये एक वेगळंच काम धरलं, झिजलेल्या टायरवर चढवायचं रबर बनवण्याचं. स्वतःचे टायर ते १९६१ पासून बनवू लागले.

हा क्रम बघा. आधी रबर चढवायचं सामान, नंतर टायर. असं का? कारण त्या काळात नवा टायर ही चैन होती. दुसऱ्या महायुद्धात जपाननं मलाया घेतलं, रबराचे मळे हातचे गेले आणि टायर रेशनवर आले. स्वातंत्र्यानंतर परवान्यांचा जमाना. त्यामुळे टायर गोटा झाला की फेकायचा नाही, रिमोल्ड करायचा, ही सवय दोन पिढ्यांच्या अंगात मुरली. अप्पांचा माझ्याशी जो वाद झाला त्याचं मूळ इथं आहे.

त्याआधी बैलगाडीचं सांगून टाकतो. लोखंडी धाव रस्ता कापते, चर पाडते. म्हणून बैलगाडीलाही हवेचे टायर लावायची कल्पना डनलॉपनं स्वातंत्र्याआधीच पुढे आणली होती. त्याच बैलजोडीला जास्त ओझं ओढता येतं, बैलाच्या मानेला दचके कमी बसतात. आपल्याकडे ही टायरची गाडी ऊसतोडीबरोबर पसरली. आज कारखान्याच्या हंगामात सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर ती दिसतेच. लाकडी चाकाची गाडी आता बेंदराला, कारहुणवीला सजवण्यापुरती उरली.

नायलॉन की रेडियल?

जुने ड्रायव्हर अजून विचारतात, "नायलॉन टाकू का रेडियल?" फरक आतल्या धाग्यांचा. जुन्या पद्धतीच्या टायरमध्ये नायलॉनच्या धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांवर आडवे टाकलेले असतात, घोंगडीच्या विणीसारखे. टायर दणकट, पण चालताना थर एकमेकांवर घासतात आणि तापतात. रेडियलमध्ये धागे एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे सरळ जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचीक, तळ कडक. कमी तापतो, कमी झिजतो, रस्ता चांगला धरतो. मिशलॅंनं याचं पेटंट १९४६ मध्ये घेतलं आणि १९४९ मध्ये टायर बाजारात आणला. आपल्याकडे कारमध्ये तो रुळला मारुतीच्या जमान्यात, म्हणजे १९८३ नंतरच्या काही वर्षांत.

पद्मिनीच्या टायरवर ५.२०-१४ असं असायचं. सव्वापाच इंचाच्या आसपास रुंदी आणि चौदा इंचांची रिम. आमच्या गाडीवर आहे १६५/८० आर १४ ८५ टी. हे एकदा वाचायला शिकलात की दुकानात कोणी तुम्हाला फिरवणार नाही. १६५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ८० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के. आर म्हणजे रेडियल. १४ इंचांची रिम. ८५ हा वजनाचा आकडा, म्हणजे एका टायरला ५१५ किलो झेपतात. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंतची मर्यादा. नवा टायर घेताना शेवटचे दोन जुन्यापेक्षा कमी नकोत.

दुकानदार म्हणाला होता, "मालक, १७५/६५ टाका, रुंद दिसतो, गाडी उठून दिसती." मी तिथंच हिशेब केला. आमच्या टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर, त्याचा ५८३. गाडी रस्त्यापासून जवळजवळ १८ मिलिमीटर खाली येणार आणि काटा शंभर दाखवेल तेव्हा खरा वेग असेल चौऱ्याण्णव. दुधनीच्या रस्त्यांवर १८ मिलिमीटर म्हणजे एका दगडाचा फरक. कंपनीनं दिलेलाच आकार घेतला.

अप्पांचा प्रश्न

आता वाद. अप्पांचं म्हणणं, "नक्षी आहे की अजून. गोटा झालेला नाही. कशाला बदलतोस?" बरोबर होतं. आमची गाडी कमी चालते, नक्षी चांगली होती. कायद्यानं कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी. खोबणीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांना टेकली की टायर संपला. आमचा तिथं पोचला नव्हता.

मी त्यांना टायरच्या बाजूचे चार आकडे दाखवले: २८१७. म्हणजे २०१७ सालातला २८ वा आठवडा. सात वर्षं. बाजूला बारीक भेगा पडलेल्या. रबर वापरानं झिजतं तसं वयानंही कडक होतं, आणि आमच्या उन्हात उभ्या गाडीचं तर होतंच. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर तपासून घ्या आणि दहा वर्षांनी नक्षी कितीही असली तरी काढा, असा सर्वसाधारण सल्ला असतो. भेगा असतील तर त्याहून आधी. अप्पा भेगांवरून बोट फिरवत म्हणाले, "चाकाचं लाकूड वाळायचं, तसं." हां, तसंच.

नवे घेतानाही हे चार आकडे बघा. दुकानात पडून राहिलेला टायरही म्हाताराच. त्यावर आयएसआय चिन्ह हवं. आणि कधी पैशाअभावी दोनच टायर बदलायचे असतील तर नवे मागे लावा. सगळे पुढे लावतात. पण ओल्या रस्त्यावर मागची चाकं घसरली की गाडी गरकन फिरते, ती सावरणं सामान्य चालकाला जमत नाही.

गाडीला थंडी का वाजते?

आता त्या थरथरीकडे. पहिली गोष्ट, अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग यांत गल्लत करू नका. गाडी एका बाजूला ओढत असेल, टायर एकाच कडेला झिजत असेल, तर अलाइनमेंट. ठरावीक वेगाला थरथरत असेल, तर बहुतेक वेळा बॅलन्सिंग.

चाकाच्या एका जागी थोडं जास्त वजन असलं की फिरताना ते बाहेर ओढ घेतं. ही ओढ वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट, तर ओढ चौपट. आमच्या चाकाचा हिशेब सांगतो. रिमवर ४० ग्रॅम जास्त असतील तर ताशी ४५ किलोमीटरला जेमतेम एक किलोची ओढ. ९० ला सव्वाचार किलोच्या आसपास, आणि तीही सेकंदाला तेरा वेळा, दर वेळी दिशा बदलत. कोणीतरी छोटी हातोडी घेऊन चाकाला सतत मारतंय असं समजा. त्यात गाडीच्या चाकाची आणि सस्पेन्शनची स्वतःची डोलायची लय साधारण याच गतीची असते. दोन्ही जुळल्या की स्टेअरिंग नाचतं. म्हणून गावात काही कळत नाही आणि हायवेला कळतं.

बैलगाडीला हा प्रश्नच नव्हता, तिचा वेग तेवढा नव्हता. बॅलन्सिंगची गरज वेगासोबत आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत डार्मश्टाटच्या शेंक कंपनीनं फिरत्या यंत्रांचा तोल मोजणारी मशिनं बनवली, ती टर्बाइनसारख्या मोठ्या यंत्रांसाठी. मोटारींचा वेग वाढला तसा तोच विचार गॅरेजमध्ये आला. आधी पाणसळीसारख्या बुडबुड्याची साधी तबकडी, तिच्यावर चाक आडवं ठेवायचं, बुडबुडा मधे येईपर्यंत वजनं ठेवायची. पण चाकाला जाडी असते. आतल्या कडेला एकीकडे आणि बाहेरच्या कडेला विरुद्ध बाजूला वजन जास्त असेल तर बुडबुडा मधेच राहतो आणि चाक मात्र फिरताना डुलतं. म्हणून आताची मशीन चाक फिरवून दोन्ही कडा वेगवेगळ्या मोजते.

आमची पावती अशाच मशीनची होती. सोलापुरातलं ते दुकान, नाव घेत नाही, त्यांनी दुसऱ्यांदाही चाकं न काढता "रस्ता खराब आहे, मालक" म्हणून परत पाठवलं. मग अक्कलकोटच्या एका छोट्या दुकानात गेलो. तिथल्या मेकॅनिकनं आधी पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाकली आणि म्हणाला, "एक चक्कर मारून या." आलो. स्टेअरिंग बरंच शांत, आता सीट थरथरत होती. म्हणजे दोष गाडीत नाही, त्या चाकांत.

त्यानं ती चाकं काढून मशीनवर चढवली, हातानं फिरवली आणि रिमच्या कडेपाशी स्क्रूड्रायव्हर स्थिर धरला. अप्पा माझ्याकडे बघायला लागले. सुताराची काडी! रिम सरळ होती. मग त्यानं टॉर्च घेऊन रिमच्या आत बघितलं आणि विचारलं, "मालक, टायर बदलताना रिम धुतली होती का?"

धुतली नव्हती. सप्टेंबरच्या पावसात गाडी तुरीच्या रानापर्यंत गेली होती. आमची काळी माती तुम्हाला माहीत आहे. ओली असताना चिकटते, वाळली की सिमेंट. रिमच्या आतल्या अंगाला तिचा थर बसला होता. दुकानदारानं नवा टायर चढवला आणि मातीसकट चाक मशीनवर टाकलं. मशीन बिचारी खरं तेच बोलली: समोरच्या बाजूला चाळीस ग्रॅम लावा. त्यानं लावले. पुढे रस्त्यावर ढेकूळ निखळून पडलं. माती गेली, तिला तोलायला लावलेलं शिसं राहिलं. आता तेच शिसं चाकाला ओढत होतं. दुसऱ्या चाकात मातीचा अर्धा थर अजून होता, अर्धा पडलेला.

मेकॅनिकनं दोन्ही चाकं खरवडली, धुतली, पुसली, जुनी वजनं सगळी काढली. मग मोजलं. एका चाकाला पाच ग्रॅम, दुसऱ्याला दहा. संपलं काम.

अप्पा तिथल्या बाकड्यावर बसून म्हणाले, "आमचा सुतार चाक हातात घ्यायच्या आधी खुरप्यानं माती काढायला लावायचा. मातीसकट चाक कोण तपासतं?"

टायर फुटला, एवढंच?

शेवटी एक गंभीर गोष्ट. समृद्धी महामार्ग डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला आणि अपघातांच्या बातम्यांत "टायर फुटला" हे शब्द सारखे यायला लागले. २०२३ मध्ये परिवहन खात्यानं प्रवेशापाशी टायर तपासायला आणि झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. त्याच वर्षी १ जुलैला सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ माणसं गेली. चालकानं टायर फुटल्याचं सांगितलं. परिवहन खात्याच्या तपासणीत मात्र टायर फुटल्याचा पुरावा मिळाला नाही.

म्हणजे टायरवर ढकलणं सोपं असतं. आणि खरोखर फुटतो तेव्हाही तो बहुधा अचानक फुटत नाही. हवा कमी असते, टायरची बाजू सतत दबत-उठत राहते, आतून तापते. मे महिन्यातला सोलापूरचा रस्ता, पाच माणसं, डिकीत सामान, आणि हवा बघून झालेत दोन महिने. म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. आकडा ड्रायव्हरच्या दारापाशी चिकटवलेला असतो, तोच धरा. नायट्रोजनचं फार मनावर घेऊ नका, साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. ती नियमित बघणं महत्त्वाचं.

पूर्वी चाक सैल झालं तर आवाज करायचं, सुताराकडे न्यावंच लागायचं. आजचा टायर बरीच वर्षं काही बोलत नाही, म्हणून आपण बघत नाही. दुकानात गेलात तर बाकड्यावर चहा पीत बसू नका. उभे राहा. रिम धुतली का, जुनी वजनं काढली का, चार आकडे काय आहेत, एवढं विचारा. सगळ्या टायरवाल्यांना हे माहीत असतं. समोर कोणी बघतंय म्हटलं की ते करतात.

परवा आईला पुन्हा सोलापूरला नेलं. अक्कलकोट सुटलं, काटा नव्वदवर गेला. मागे बघितलं तर ती झोपली होती.

तुमच्या घरी धाव चढवताना पाहिलेलं कोणी असेल तर त्यांच्याकडून ऐकून घ्या, आणि जमलं तर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. ते सांगणारी माणसं आता थोडी उरलीत.